तुझा घास राहिला

उमरग्याच्या बाहेर, हायवेला लागून आमची मसाल्याची कंपनी. कामाला मुली मिळेनात, जिला तिला पुण्याची ओढ. म्हणून मालक उमाशंकर सर मला म्हणाले, "निकिता, आपल्याकडं किती घरच्यासारखं वातावरण आहे, ते इन्स्टावर दिसू दे. मग बघ कसे अर्ज येतात." माझं कामच ते. हसरे चेहरे टिपायचे आणि वर गाणं लावायचं.

पॅकिंगच्या बायकांची एक रीत होती. जेवायला गोल बसायचं आणि आपल्या डब्यातला पहिला घास शेजारणीला दिल्याशिवाय स्वतः जेवायचं नाही. मी तेच टिपलं. चार-चार वेळा घास हातात धरायला लावला बिचाऱ्यांना! हर्षाली, माझी शाळेपासूनची मैत्रीण, भाकरी न् शेंगदाण्याच्या चटणीचा घास माझ्यापुढं धरून म्हणाली, "निके, तुझा घास राहिला की गं."

"थांब ना, शॉट बिघडतोय," मी खेकसले.

ती हसली. माझ्या शॉटच्या यादीचा कागद फाडून त्यात तिनं माझ्यासाठी घास गुंडाळून ठेवला.

त्याच संध्याकाळी घरी जाताना तिच्या स्कुटीला ट्रकनं उडवलं. जागेवरच गेली ती.

तरीही मी रील टाकली. का, तर तिच्यात हर्षाली हसत होती. अर्जांचा पाऊस पडला. मी मात्र दिवसातून वीसदा ती रील बघायचे आणि बाथरूममध्ये जाऊन रडायचे. एक घास खायला किती वेळ लागला असता हो?

महिन्याभरानं मुरूम गावची शुभांगी मुलाखतीला आली. म्हणाली, "व्हिडिओ बघूनच आले, मॅडम. त्या ताई लई मायेनं बोलत्यात... निके, तुझा घास राहिला म्हणत्यात."

रीलमध्ये नुसतं गाणं होतं. आवाज मी स्वतः काढून टाकला होता.

सरांना सांगितलं. त्यांनी मोबाईल घेऊन रील पुन्हा बघितली. मग म्हणाले, "काढून टाक ती. गेलेल्या पोरीला पुढं करून माणसं बोलावणं बरं न्हाय."

"सर, तेवढीच उरलीय हो ती..."

पण दुपारी दीड वाजता, सगळ्या जेवायला बसल्या असताना, मी रील काढली. हर्षालीलाच हाताला धरून पंगतीतून उठवल्यासारखं वाटलं मला.

पाच मिनिटांत सारजाबाईंचा फोन आला. हर्षालीची आई. ती रील समोर ठेवूनच त्या रोज जेवायच्या.

"निकिता, हर्षू दिसंना गं. बाकीच्या बसल्यात, तिची जागा मोकळी हाय..."

"काकू... ती रील मी आत्ताच काढली. तुम्हाला अजून दिसतीय?"

"व्हय की. बसली होती, मग उठली... घास हातात घिऊन दाराकडं गेली बघ."

माझ्या केबिनचं दार बंद होतं. आमच्याकडं तिखटाचा वास दिवसभर असतोच, पण हा वास शेंगदाण्याच्या चटणीचा होता. मी माझा डबा उघडला. पोळीवर कागदाची पुडी होती. कागदावर माझंच अक्षर, शॉटची यादी.

"हर्षे, खाते गं," मी रडत म्हणाले. पण तो घास तोंडापर्यंत नेववला नाही.

त्याला आता वीस दिवस झाले. फेकवत नाही, खाववत नाही. रोज दीड वाजता मी पुडी उघडून बघते.

भाकरी अजून कोमट आहे.