भिंतींची वाट

जनरेटर सुरू व्हायला वेळ लागेल. बसा इथेच पायरीवर. उंदीरघरात रात्रपाळीला आलात ना पोरांनो, मग नोईची गोष्ट ठाऊक असलेली बरी. हा बुनमा काका थापा मारतो असं वाटलं तर नोंगखाय गावी जा. ती आहे तिथे, तिलाच विचारा.

नोई इथे संशोधन करायची. दारू सोडली की माणसाला धडकी भरते, कापरं भरतं, झटके येतात. त्यावरचं औषध ती उंदरांवर तपासायची. महिनाभर खाण्यातून दारू द्यायची आणि एका सकाळी बंद करायची. त्याच रात्री अर्ध्यांना औषध टोचायचं, अर्ध्यांना नुसतं पाणी. मग एकेकाला त्या उंच फळीवर सोडायचं. आतल्या खोलीत आहे ना, अधिकच्या चिन्हासारखी? दोन वाटा उघड्या, दोन वाटांना काळ्या भिंती. घाबरलेला उंदीर भिंतींच्या वाटेत शिरतो आणि टोकाला अंग चोरून बसतो. औषध लागू पडलं तर उघड्यावर फिरतो.

घरी बाप एकटा, थोंगसुक. तोंड धुवायच्या आधी तांदळाची दारू लागायची त्याला. गेल्या वर्षी भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास सुरू झाला तसा तो विहारात गेला आणि तीन महिने थेंब घेणार नाही म्हणून भंतेंपुढे हात जोडून आला. आपल्याकडे अर्धं गाव असा नेम धरतं आणि दुकानाकडे बघत दिवस काढतं. ह्याने मात्र खरंच तोडली, एका दिवसात. पहिल्या रात्री असा कापत होता की नोई उशाशी बसून राहिली. दुसऱ्या रात्री जरा उतार पडला. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, त्याने चिकट भात आणि भाजलेला मासा खाल्ला. नोईचा जीव भांड्यात पडला.

दुपारी ती इकडे उंदीरघराकडे यायला निघाली, तर शेजारच्या लामाय मावशीने कुंपणापाशी अडवलं.

"अगं, भिंतीवरच्या पाली हाकलतोय तो. पाल एक नाही तिथे. दवाखान्यात ने त्याला."

"मावशी, वाईट असतं ते पहिल्या रात्री. ते सरलं. मी रोज हेच बघते."

"उंदरांत बघतेस."

"तिसऱ्या दिवशी ते खडखडीत बरे असतात."

"आणि तुझा बाप उंदीर आहे होय गं?"

आतून बापच हसला. "दारूतला उंदीरच की मी. नोई, बाहेरून कुलूप घालून जा. नाहीतर दोस्त येतील बाटली घेऊन, आणि माझ्याने काही नको म्हणवणार नाही. पण अंधार पडायच्या आत ये हां."

"येते, बाबा."

ती आली नाही. त्या सकाळीच तिने नव्या उंदरांची दारू तोडली होती. रात्रीची वेळ हुकली असती तर ते सगळे वाया, महिनाही वाया.

नऊ वाजून गेले. खोलीत लाल दिवा. नोई बाहेर कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसलेली. नुसतं पाणी टोचलेला एक उंदीर तिने फळीवर सोडला होता. हा भिंतींत पळणार हे तिला माहीत होतं.

तो पळाला नाही. उघड्या वाटेच्या टोकाला गेला आणि वळून बसला. भिंतींच्या वाटेकडे तोंड करून. थरथरत होता, खाली पडायच्या बेतात होता, पण आत जाईना.

तिने पडद्यावर भिंतींची वाट पाहिली. टोकाला काळोख होता. नेहमीपेक्षा जास्त.

उंदीर पडेल म्हणून ती आत गेली. हात पुढे केला...

कुणीतरी श्वास घेत होतं. भरभर. अडकल्यासारखा.

ती थांबली.

उंदीर गप्प. पंखा बंद. श्वास मात्र चालू... त्या वाटेतून.

"नोई..."

घोगरा आवाज. अगदी खालून.

"नोई... दार..."

पुढे काही नाही.

ती स्कूटर कशी चालवत आली, तिला सांगता येत नाही. अंगणात लामाय मावशी आणि दोघे जण दार फोडत होते. "मघापासून आत धडका बसत होत्या," मावशी म्हणाली, "आणि आता..." नोईने किल्ली लावली.

थोंगसुक कपाट आणि भिंत यांच्या फटीत होता. गुडघे छातीशी, अंग चोरलेलं. मांजर शिरणार नाही अशी ती फट. जीव गेलेला, अंग गार पडत चाललं होतं.

दारू तोडली की माणसाला खरे भास आणि झटके तिसऱ्या दिवशी येतात, असं डॉक्टर नंतर म्हणाले. नोईने ते पुस्तकात वाचलेलंही होतं. पण रोज डोळ्यांसमोर उंदीर, तेच खरं वाटायला लागलं. कीव येते पोरीची, दुसरं काय म्हणणार.

पंधरा दिवसांनी ती सामान न्यायला आली. जाताना फळी पुसायला घेतली आणि मला हाक मारली. भिंतींच्या वाटेच्या टोकाला, आतल्या बाजूने, पंजाचा ठसा होता. मोठ्या माणसाचा. स्पिरिटने पुसला, जात नाही. आजही आहे. सगळे म्हणतात, पुसताना कुणाचा तरी हात लागला असेल. लागेल की. पण त्या टोकाला हात पोचतो तो वरूनच. वरून हात घातला तर बोटं खाली येतात.

ह्याची बोटं वर आहेत... मनगट फळीला टेकलेलं.