साडेदहाचा डबा

"सही येत नसेल तर अंगठा चालेल म्हणाले," यिन सू म्हणाली. "मी म्हटलं, सही येते मला. तरी म्हणाले, अंगठाच बरा. आज तीन वाजता. लाल शाई प्रकल्पवालेच आणणार आहेत."

तिनं टेबलावर एक कागद ठेवला. कडेवरची तीन वर्षांची पोर तो ओढायला लागली, तसा तिनं पोरीचा हात धरून स्वतःच्या गालाशी नेला.

शिंग रोलाननं कागद वाचला. 'सौर वीज प्रकल्पाचे कामगार लो चांगहे यांनी परवानगीविना निचऱ्याच्या पाइपचा व्हॉल्व्ह उघडला. आतील वितळलेले मीठ अंगावर येऊन त्यांचा मृत्यू झाला. चूक सर्वस्वी त्यांची.'

"नऊ वर्षं," यिन सूचा आवाज चढला. "नऊ वर्षं त्या मिठात काम केलं त्यानं. घरात साधी किटली उचलायची तरी हातमोजा घालायचा. मी हसायचे त्याला. आणि आता हे म्हणतात, बावळटासारखा उघडला आणि मेला. ताई, ही पोर मोठी झाल्यावर मला विचारेल. तिला मी काय हा कागद दाखवू?"

शिंगताईंच्या दारावर 'हरवलेल्या वस्तूंचा शोध' अशी पाटी होती. कायद्यामुळे खासगी तपास असं उघड लिहायची सोय नव्हती. छाइदामच्या पठारावरच्या त्या लहानशा गावात सगळ्यांना खरं काय ते ठाऊक होतं. ताई आधी विमा कंपनीसाठी जळालेले कारखाने तपासत; वरिष्ठांना नको असलेला अहवाल लिहिला आणि नोकरी गेली. पन्नाशीची बाई, बारीक अंगाची, बोलायला तिखट. जोडीला पाओ. गाडी चालवायचा आणि सगळं दोनदा विचारायचा.

"त्याचं सामान मिळालं?" ताईंनी विचारलं.

"टोपी आणि डबा. होउसाहेबांनी स्वतः आणून दिला. प्रकल्पाचे प्रमुख ते. माझ्यासमोर रडले. सफरचंदांची पेटीही आणली." तिनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला. "चार दिवस खिडकीबाहेर थंडीत ठेवलाय. उघडवत नाही मला."

"मी उघडू?"

यिन सूनं मान हलवली.

आत मटणाच्या शेवया होत्या, जशाच्या तशा. वर चरबीचा पांढरा गोळा, आणि गोळ्याच्या मधोमध एक इवलासा खड्डा.

"माझं बोट!" पोर ओरडली.

यिन सूचे डोळे भरले. "ही तोतो रोज सकाळी चरबीत बोट दाबते. तो आठला कामावर गेला की डबा त्याच्या व्हॉल्व्हवर ठेवायचा. तिथं सगळेच ठेवतात, ज्याचा त्याचा व्हॉल्व्ह ठरलेला. उणे पंधरात दुसरं काय करणार? साडेदहाला जाऊन डबा फिरवायचा, दुसरी बाजू गरम व्हावी म्हणून. संध्याकाळी येऊन हिला सांगायचा, तुझं बोट वितळलं, मी पिऊन टाकलं. फार गोड होतं."

"बाबांनी नाही प्यायलं," तोतोनं डब्यात डोकावून पाहिलं. "बोट आहे अजून."

ताईंनी झाकण हळूच लावलं.

"डबा परत थंडीत ठेव," त्या म्हणाल्या. "आणि काही झालं तरी अंगठा लावू नकोस."

*

प्रकल्प गावापासून वीस मिनिटांवर. हजारो आरसे एकाच मनोऱ्याकडे तोंड करून उभे. दिवसा तिथं मीठ तापतं, घरासारख्या मोठ्या टाकीत साठतं आणि सूर्य बुडाल्यावरही त्या उष्णतेवर वीज होते. खाण्याचं मीठ नव्हे ते. दोनशे चाळीस अंशांखाली गेलं की गोठून दगड होतं. म्हणून प्रत्येक पाइपला तापवणारी वायर गुंडाळलेली.

अपघाताचा पाइप दोन टाक्यांच्या मध्ये होता, बारा मीटरचा. पाओ वाकून बघत राहिला.

"ताई, व्हॉल्व्ह तर त्या टोकाला आहे. मग पाइप इथं का फाटलाय? भाजलेल्या शेंगेसारखा?"

"शाबास. आज एकदाच विचारलंस."

"नाही, पण का?"

"झालं दोनदा."

होउसाहेबांनी दोघांना आपल्या खोलीत बसवलं, चहा मागवला. गोल, मऊ चेहरा. "माझी धाकटी बहीणच समजा ती. डबा मी माझ्या हातांनी त्याच्या व्हॉल्व्हवरून उचलला. म्हटलं, घरच्या माणसाला घरची वस्तू तरी मिळावी."

"त्या दिवशी तुम्ही कुठं होतात?"

"दुपारी मोठे पाहुणे यायचे होते. नऊला आवारात एक फेरी मारली, साडेनऊपासून सभागृहात. फोटो आहेत. पावणेअकराला तो आवाज झाला."

"एवढ्या थंडीत पाइप गोठत नाहीत?"

"गोठले तर गोठले, त्यात घाबरायचं काय!" साहेब खुलले. "मी उत्तरेला कोळशाच्या वीजघरात बावीस वर्षं काढलीत. उणे पस्तीस. पाण्याचा पाइप गोठला की मधोमध गरम ब्लँकेट गुंडाळायचं, अर्ध्या तासात दोन्हीकडून मोकळा. इथली माणसं टोकापासून वीत-वीत सरकत दिवस घालवतात. पण हा पाइप गोठलेला नव्हताच. च्याओ दाखवेल तुम्हाला."

पाळीप्रमुख च्याओ नियंत्रण कक्षात होता. उंच, दाढी वाढलेला. खुर्चीवरून उठलासुद्धा नाही.

"बाईंना मिठातलं काय कळतं?"

"काही नाही. तुम्ही शिकवा."

"ही बघा रेघ. या पाइपचं त्या दिवशीचं तापमान. सकाळी सहाला दोनशे नव्वद, दहाला दोनशे नव्वद."

ताईंनी पडद्याच्या उजव्या कडेवर बोट ठेवलं. "संध्याकाळी सहाला?"

"दोनशे नव्वद. वाचता येत नाही का? सेन्सर खोटं बोलत नाही."

"सेन्सर नाही बोलत."

च्याओनं पडदा बंद केला. त्याच्या कानशिलावर घाम होता. खोलीत तर सगळे कोट घालून बसले होते.

बाहेर पडल्यावर पाओ म्हणाला, "हाच. शंभर टक्के. माणूस आहे की कुत्रा?"

"उद्धट माणूस चोर असता तर तुझी सासू कधीच तुरुंगात गेली असती."

शेवटी कोठार. म्हातारे म्याओकाका एकटेच शेगडीशी बसले होते. भिंतीवर पाच खुंट्यांवर विजेची पाच ब्लँकेटं टांगलेली. चार मळकी, मिठाच्या पांढऱ्या डागांची. पाचव्यावर कारखान्यातल्या घड्या तशाच होत्या.

"काका, हे नवं?"

"पाच होती, पाच आहेत," काका शेगडीकडे बघत म्हणाले.

"लो चांगहेला तुम्ही उचललंत ना?"

काकांनी शेगडीतले निखारे सारले. "त्याच्या बायकोला सांगू नका. मूठ उघडत नव्हती त्याची. आत प्लग होता. विजेचा. वायर जळालेली."

"हे कुणाला सांगितलंत?"

"विचारलं कुणी?" काका उसळून म्हणाले. "चार दिवसांत मला कुणी काही विचारलं का?"

*

तीन वाजता सभागृहात पाहुण्यांच्या स्वागताचं लाल कापड अजून टांगलेलंच होतं. टेबलावर कागद, लाल शाईची डबी. जिल्ह्याचे तपास अधिकारी तांग घड्याळ बघत बसलेले. होउसाहेबांनी यिन सूसाठी खुर्ची ओढली, तोतोच्या डोक्यावरून हात फिरवला.

"इथं, बाई. उजवा अंगठा."

यिन सूनं दोन्ही हात पोरीभोवती आवळले.

"त्याआधी एक डबा बघू," शिंगताई म्हणाल्या आणि झाकण उघडून त्यांनी डबा तांगसाहेबांपुढे ठेवला. "हे बोट या मुलीचं. त्या दिवशी सकाळी सातचं. डबा आठला लोच्या व्हॉल्व्हवर, याच पाइपच्या टोकाला, गेला आणि अपघातानंतर तिथूनच उचलला. असं मी नाही, होउसाहेब म्हणतात. पावणेतीन तास. व्हॉल्व्ह रोजच्यासारखा गरम असता तर ही चरबी वितळून शेवयांत मुरली असती. साधी ऊब लागली असती तरी खूण राहिली नसती. बोटाच्या रेषासुद्धा दिसताहेत. व्हॉल्व्ह गार होता. आतलं मीठ दगड झालं होतं. आता मला सांगा, दगड भरलेल्या पाइपचा व्हॉल्व्ह उघडून कोण मरतं?"

"पण दोनशे नव्वद अंशांची नोंद आहे," तांगसाहेब म्हणाले.

"आहे ना! पावणेअकराला पाइप फाटला, रिकामा झाला, उणे पंधराच्या वाऱ्यात उघडा पडला. आणि संध्याकाळी सहालाही दोनशे नव्वद? तो सेन्सर या पाइपवर नव्हताच. कुणीतरी शेजारच्या गरम पाइपवर नेऊन बांधला होता."

सगळ्यांनी च्याओकडे बघितलं. पाओनं तर बाह्यासुद्धा सरसावल्या.

"सेन्सर च्याओनं हलवला," ताई म्हणाल्या. "पण लोला मारलं ते त्यानं नाही. पाइप मधोमध फाटलाय. म्हणजे गोठलेलं मीठ कुणीतरी मधूनच तापवलं. मीठ वितळताना फुगतं. दोन्ही बाजूंना दगड, मध्ये फुगणारा रस. जाणार कुठं? लोखंड फाडून जातं. म्हणून मिठातली माणसं मोकळ्या टोकापासून वीत-वीत सरकतात. च्याओ हे झोपेतही विसरणार नाही. हे करील तो पाण्यावर शिकलेला माणूस. बर्फ वितळताना आकसतो, त्याला मधून तापवलं तर चालतं." त्या वळल्या. "बावीस वर्षं, होउसाहेब. उणे पस्तीस."

होउसाहेबांचा चेहरा तसाच मऊ होता. "मी सभागृहात होतो. फोटो आहेत."

"साडेनऊनंतर. ब्लँकेट तुम्ही नऊच्या फेरीत गुंडाळलंत. ते जळालं, म्हणून खुंटीवर नवं आलं. म्याओकाका, आता मी विचारते. ब्लँकेट कुणी नेलं?"

काका उभे राहिले. "यांनी. स्वतः. आणि संध्याकाळी नवं यांनीच आणून टांगलं. म्हणाले, पाच होती, पाच आहेत, एवढंच म्हण."

"तापवायची वायर आदल्या रात्री जळाली होती!" च्याओ एकदम फुटला. "मी म्हटलं, प्रकल्प दोन दिवस थांबवू. हे म्हणाले, पाहुणे गेल्यावर. तोवर तो तापमान घसरल्याचा भोंगा बंद कर. मी सेन्सर हलवला. केलं मी ते. आणि मग ऐन दिवशी यांना पाहुण्यांपुढे सगळं सुरू दाखवायचं होतं, म्हणून..." त्यानं तोंडावर हात दाबला.

"लो तिथं का गेला?" तांगसाहेबांनी विचारलं.

शिंगताईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "डबा फिरवायला. साडेदहाला, रोजच्यासारखा. डबा गार लागला. त्यानं पाइपकडे बघितलं, मधोमध ब्लँकेट दिसलं. नऊ वर्षांचा माणूस. एका क्षणात कळलं असेल त्याला. पळून जाता आलं असतं. पण पलीकडे आरसे पुसणारी सहा माणसं होती. तो ब्लँकेटच्या प्लगकडे धावला. प्लग निघाला. उशीर झाला होता. तो प्लग म्याओकाकांनी त्याच्या मुठीतून सोडवला. मीठ सोडायच्या व्हॉल्व्हला प्लग नसतो, साहेब."

यिन सू पोरीच्या केसांत तोंड खुपसून बसली.

"मी काही मुद्दाम केलं नाही," होउसाहेब म्हणाले. "चूक झाली. माणसाकडून चूक होते."

"ब्लँकेट ही चूक होती." ताईंनी तो कागद उचलून त्यांच्यापुढे आपटला. शाईची डबी उडाली. "हा कागद चूक नाही. ती सफरचंदं चूक नाहीत. ज्यानं तुमची चूक निस्तरायला जीव दिला, त्याच्याच बायकोच्या अंगठ्यानं तुम्ही ती त्याच्या माथी मारायला निघालात. वर तिच्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवता? काढा तो हात."

हात केव्हाच निघाला होता. होउसाहेबांनी तो टेबलाखाली नेला.

"एक समजलं नाही," पाओ हळूच म्हणाला. "डबा यांनी परत दिलाच का? फेकून दिला असता तर?"

"तर मी हरले असते. पण प्रेमळ दिसायची हौस दांडगी. या माणसानं आयुष्यात दुसऱ्याचा डबा कधी उघडून पाहिला नसेल."

तांगसाहेबांनी अहवाल फाडला नाही. पुरावा म्हणून पाकिटात घातला. डबाही सीलबंद करून घेतला. मग एक कोरा कागद ओढून त्यांनी यिन सूची तक्रार स्वतः लिहून घेतली. शेवटचा शब्द होईपर्यंत होउसाहेब खिडकीबाहेरच्या आरशांकडे बघत होते आणि दारात दोन शिपाई उभे होते.

"इथं सही," तांगसाहेब म्हणाले.

यिन सूनं सही केली. मग उलटी पडलेली शाईची डबी स्वतःच सरळ केली, अंगठा बुडवला आणि सहीशेजारी दाबला. दाबून ठेवला.

तोतो टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून बघत होती.

"आई, हे बोट पण वितळतं?"

"नाही, राणी," यिन सू म्हणाली. "हे नाही वितळत."