या हातात बांगडी टिकणार नाही

"फुटली!"

हेमाच्या तोंडून शब्द गेला आणि रविवार पेठेतलं ते चिंचोळं दुकान एकदम गप्प झालं. गादीसमोर बसून तिची मैत्रीण शकू चुडा भरून घेत होती. लग्न चार दिवसांवर आलेलं. अकरा हिरव्या बांगड्या बिनबोभाट चढल्या, बारावीनं कच् केलं, आणि नवरीच्या चुड्यासमोर कुठलीच बाई जो शब्द काढत नाही, तो हेमानं खणखणीत आवाजात काढला! शकूच्या मावशीनं अशी काही नजर टाकली की हेमाला वाटलं, गादीखाली शिरावं.

"वाढली हो, वाढली," तरुण कासार शांतपणे म्हणाला. शकूच्या मनगटावरची कपची त्यानं हलकेच टिपून घेतली. "काच कच्ची होती, मावशी. चूक माझी. ताई, ही घ्या दुसरी."

मावशी निवळल्या. हेमा मात्र मान खाली घालून मांडीवरच्या वहीत रेघोट्या ओढत राहिली. ती शकूचाच हात काढत होती, म्हणून तर तिला आधी दिसलं… पण हे मावशींना कोण सांगणार?

कासारानं समोरून, उलट्या बाजूनं वहीत डोकावलं.

"हा हात कुणाचा?"

"शकूचा. का?"

"या हातात बांगडी टिकणार नाही. सगळ्या घरंगळतील." त्यानं चित्रावर बोट टेकवलं. "अंगठ्याला बूडच नाही."

हेमाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मेल्याला विचारलं होतं कुणी? पण राग खरा होता तो याचा, की तो म्हणाला ते बरोबर होतं.

ते साल अडुसष्ट. हेमा चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला दुसऱ्यांदा बसत होती. चेहरा काढावा तर तिनंच. वर्गातली मुलं येऊन बघून जात. हात म्हटले की मात्र तिची गाळण उडे. मग ती ते पदराखाली लपवी, खिशात कोंबी. "तुमच्या माणसांना बारा महिने थंडी वाजते का हो?" असं दीनानाथ सर भर वर्गात विचारत. मागल्या परीक्षेत चितारण्यासाठी समोर बसवलेला माणूस दोन्ही हात गुडघ्यांवर पसरून बसला, आणि तिथंच तिचं तारू बुडालं. यंदाही बुडालं तर तिचे वडील, आप्पा, तिला कॉलेजातून काढणार होते. सोलापूरचं स्थळ पत्रिका जुळवून तयार होतं. आप्पांनी हे इतक्या मायेनं सांगितलं होतं की भांडायचीही सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ती त्याच दुकानासमोर उभी राहिली.

"मला इथं तासभर बसू द्याल? हात काढायचेत. रोज. परीक्षेपर्यंत."

"रोज?"

"रोज."

"आणि तो शब्द?"

"कुठला?"

"तोच… काचेचा."

"गिळून टाकीन," ती म्हणाली, आणि त्याला हसू आवरेना. गल्ल्यावर बसलेल्या त्याच्या आईनं, कुसुमकाकूंनी, एक स्टूल कोपऱ्यात सरकवलं.

त्याचं नाव श्याम. सासरहून माहेरपणाला आलेल्या शकूला ते कळलं तेव्हा ती लोळून हसली. "नाव श्याम नि धंदा बांगड्यांचा! जपून गं बाई!"

पहिला आठवडा नुसता अंगठ्यात गेला. श्याम गिऱ्हाइकाचा अंगठा आत दुमडायचा, हात अरुंद करायचा आणि नजरेनंच हेमाला दाखवायचा… इथं. सगळी रुंदी इथं आहे. हेमा रोज एक कागद भरायची आणि रोज घरी जाऊन रडकुंडीला यायची. तिसऱ्या आठवड्यात बोटं बोटांसारखी दिसू लागली. मग श्याम तिच्यासाठी मुद्दाम अवघड हात राखून ठेवू लागला. सांधे सुजलेल्या निवृत्त शिक्षिका, एक बोट नसलेली गिरणीतली बाई, घामानं हात ओलाचिंब झालेली नवरी. धायरीहून भाजी घेऊन येणारी म्हातारी तर तळवा पुढं करून म्हणाली, "बघ पोरी, हाय का न्हाई चितरायजोगा?" त्या एका तळव्यावर हेमानं चार दिवस घालवले.

"आज सगळे सोपे हात आहेत," एकदा श्याम म्हणाला. "तुमचा तास फुकट जाणार."

"मग अवघड माणसं आणा ना."

"रोज कुठून आणू? एक तर न बोलावता चारला येतेच…"

तिनं कोळशाचा तुकडा उगारला. त्यानं काचेच्या बांगड्यांची पेटी ढालीसारखी पुढं धरली. कुसुमकाकू खोकल्या.

प्रत्येक बाईला तो ताई म्हणे, मावशी म्हणे, आजी म्हणे. हेमाला मात्र नुसतं "अहो."

परीक्षेला नऊ दिवस उरले तेव्हा हेमानं सगळे कागद जमिनीवर पसरले. साठेक कागद. प्रत्येकावर दोन हात, गिऱ्हाइकाचा आणि तो धरणारा. गिऱ्हाइकांचे हात दर कागदागणिक सुधारत गेलेले दिसत होते. श्यामचे मात्र कधीच बिघडले नव्हते! ते काढताना तिला वर बघावंही लागलं नव्हतं. हे आत्ता तिच्या ध्यानात आलं.

पण दुसरीही एक गोष्ट दिसली. श्यामच्या हातातले ते सगळे हात पकडल्यासारखे वाटत होते. कुणी आपणहून सोपवल्यासारखा एकही नव्हता. नेमकं काय चुकतंय? सर हेच पकडतील, आणि मग सोलापूर. रात्रभर तिला तेच दिसत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती स्टुलावर न बसता सरळ गादीसमोर बसली. दुकानात तीन बायका होत्या. तिनं डावा हात पुढं केला.

"माझ्या हातात भरा. हात सोपवला की आतून कसं वाटतं, ते मला कळायला हवंय."

श्यामचा चेहरा उतरला. त्यानं हात पुढं आणला, मागं घेतला, फडक्याला पुसला.

"आई… तू ये इकडे."

"काकू कशाला? तुम्ही का नाही?"

"मला नाही जमणार."

"त्या धायरीच्या आजींचा हात जमतो. माझाच नाही?"

तीन बायका एकमेकींकडे बघू लागल्या. हेमाचा हात तसाच अधांतरी राहिला होता. तिनं तो ओढून घेतला आणि वही उचलून निघून गेली. लक्ष्मी रस्त्यापर्यंत तिला डोळे पुसायचंही भान नव्हतं.

त्यानंतर ती तिकडे फिरकली नाही. घरी बसून स्वतःचाच डावा हात काढू लागली. पहिले दोन दिवस सगळ्या मुठीच आल्या. तिसऱ्या दिवशी तिनं हात तसा धरला, जसा त्या गादीसमोर धरला होता. मनगट सैल, बोटं किंचित उघडी… कुणीतरी घेईल या भरवशावर. काढता काढता तिचा कोळसा थांबला. सोपवलेला हात हा होता! गिऱ्हाइकांचा नव्हे, तिचा. आणि तोच त्यानं घेतला नव्हता.

परीक्षेत समोर एक निवृत्त पोस्टमन बसले होते, एक हात काठीवर, दुसरा मांडीवर उताणा. हेमानं चेहऱ्याला हातच लावला नाही. आधी तो उताणा तळवा घेतला. तास गेले. आजूबाजूची मुलं कपडे रंगवू लागली, तिच्या चित्रात अजून डोकंही नव्हतं. मागं दीनानाथ सर येऊन थांबले. आता काहीतरी जहरी कानावर येणार म्हणून तिनं ओठ घट्ट मिटले.

"चेहरा तुम्हाला अर्ध्या तासात जमतो," सर हळूच म्हणाले. "हा अंगठा पुरा करा. घाई करू नका."

ती बाहेर आली. फाटकाशी, सायकलला टेकून, श्याम उभा होता.

"दुकान?"

"बंद आहे."

"भर लग्नसराईत?"

"आईनंच हाकललं. म्हणाली, सांगून ये, नाहीतर गादीवर बसू नकोस." त्यानं सायकल सरळ केली. "कसे झाले हात?"

"आले." आणि मग तिचा बांध फुटला. "तुमच्यामुळे नाही! तुम्ही तीन बायकांसमोर…"

"अहो, ऐका तरी. आजोबांनी मला गादीवर बसवलं तेव्हा शपथ घातली होती. या गादीवर बसून जिचा हात धरशील ती बहीण. वय बघायचं नाही, रूप बघायचं नाही. म्हणून तर लोक लेकीसुनांना निर्धास्त पाठवतात." त्यानं आपले तळवे पुढं धरले. "हजारो हात धरले मी. एकदाही जड गेलं नाही. तुमचा धरला असता तर… तर सगळंच संपलं असतं माझं."

हेमाचा आठ दिवसांचा राग कुठल्या कुठे गेला.

"तुमच्या आप्पांना कासार जावई चालेल का?" त्यानं घाबरत विचारलं.

"आप्पांना चित्रकार लेकसुद्धा चालत नव्हती," ती म्हणाली. "भांडेन मी."

रस्त्यावरून शाळा सुटलेली मुलं जात होती. तिनं तेलरंगानं माखलेला डावा हात पुढं केला. श्यामनं तो दोन्ही हातांत घेतला. अंगठा दुमडला नाही, माप पाहिलं नाही. नुसता धरला… आणि लहानपणापासून बायकांचे हात धरत आलेल्या त्या माणसाला कळेना, की आता या हाताचं पुढं करायचं काय.