बाजेखालची शेगडी

माळावर डसून अंगाची आग करणारी आगमुंगी आता औषधालाही सापडत नव्हती. ही करामत तापडोळ्याची. तापडोळा म्हणजे आभाळात फिरणारा कॅमेरा. त्याला रंग दिसत नाहीत, फक्त ऊब दिसते. आगमुंगीचं वारूळ सकाळच्या उन्हात भोवतालच्या जमिनीआधी तापतं आणि आतल्या अंड्यांना ऊब देतं. तसा ठिपका दिसला, की वरून विष टाकायचं. वर्षानुवर्षं हे चाललं आणि मुंग्या मारणाऱ्या सरकारी खात्यानं स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पण चुलीखाली, बंबाखाली, आधीच उबदार जमिनीत राहणाऱ्या मुंग्या तापडोळ्याला दिसल्याच नव्हत्या. त्याच तगल्या, त्यांचीच पिलावळ वाढली. मग हुकूम निघाला ‘थंड दिवसा’चा. गावातला प्रत्येक विस्तव विझवायचा, जमीन निवू द्यायची, तिन्हीसांजेआधी माणसांनी गाव सोडायचं. त्यानंतर जे उबदार दिसेल, ते वारूळ.

ऐन मार्गशीर्षात घाटमाथ्यावरच्या कातळवाडीची पाळी आली. सगळं गाव विझलं. मंगल शेलारचं घर तेवढं तापडोळ्याच्या पडद्यावर लखलखत राहिलं.

तापडोळा घडवणाऱ्या डॉ. मृदुला तगारे स्वतः तिथे गेल्या. आत मंगलची लेक तेजश्री बाजेवर होती, कुशीत दिवस भरण्याआधीच जन्मलेलं बाळ. मुंग्या चढू नयेत म्हणून बाजेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले होते, आणि खाली शेगडी धगधगत होती.

“शेगडी विझवा, मावशी.”

“न्हाई इझवणार.”

“दोघांना गाडीनं दवाखान्यात नेऊ.”

“ह्या गारठ्यात, घाटातनं? पोचंस्तवर लेकरू ऱ्हाईल व्हय? आन् मुंग्यांना चुलीखाली लपायचं शिकवलं कुणी?”

“कुणीच नाही. उघड्यावरच्या आम्ही मारल्या. लपलेल्या उरल्या.”

“म्हंजे निवडून निवडून तुमीच वाढवल्या की!”

तगारेंना राग आला, कारण ते खरं होतं. त्यांनी मान फिरवली आणि त्यांना उंबऱ्याशी तांबडी रांग दिसली. प्रत्येक मुंगीच्या तोंडात पांढरं अंडं. अंगणातून दुसरी रांग येत होती, गोठ्याकडून तिसरी.

“ह्या कुठं निघाल्या?” मंगल बाजेकडे सरकली.

“जमीन गार पडली, की पिल्लांना उचलून ऊब असेल तिथे नेतात. आज गावात ऊब एवढीच आहे.”

“आन् शेगडी इझवली तर?”

तगारेंनी बाजेकडे पाहिलं. “मग सगळ्यात उबदार ही दोघंच उरतील.”

मंगल दारात गेली. बोचकी घेऊन निघालेल्या बायांना ऐकू जाईल असं ओरडली, “माघारी फिरा गं! चुली पेटवा समद्यांनी! हुकूम गेला खड्ड्यात!”

समोरच्या घरातून धूर निघाला, मग पलीकडच्या. तगारेंनी खात्याला फोन लावला, विष थांबवा म्हणाल्या. वरिष्ठांशी बोलतो, असं उत्तर आलं. त्यांनी फोन ठेवला आणि शेजारच्या चुलीपुढे बसून फुंकणी तोंडाला लावली.

रांगा वळल्या. मुंग्या आपापल्या चुलीखाली परतल्या. तिन्हीसांजेला तापडोळा पुन्हा गावावर आला, तेव्हा त्याला कातळवाडीच्या जागी एकच मोठा उबदार ठिपका दिसला. विष थांबवल्याचा फोन अजून आला नव्हता.

“बघतोय तो,” तगारे म्हणाल्या.

“बघू दे,” मंगल म्हणाली आणि तिनं शेगडीत आणखी कोळसे घातले.