ळ संपले, बाई

छापखान्याच्या दारात मी पाऊल टाकलं ते भांडायलाच. हातात माझ्या पहिल्यावहिल्या कादंबरीचं पहिलं प्रूफ, छत्रीतून ठिबकणारं श्रावणाचं पाणी, आणि तोंडात तयार वाक्य – शाळेत नाठाळ मुलींना ऐकवते त्याच सुरातलं.

“‘मला’चं ‘माका’ कोणी केलं?”

अक्षरांच्या खिळ्यांनी भरलेल्या, खणाखणांच्या लाकडी केसपुढे उभा असलेला तरुण वळला. शेलाटा, हसऱ्या डोळ्यांचा, बोटं शाईने काळी. म्हणजे शिशाचं एकेक अक्षर वेचून ओळी जुळवणारा जुळारी हाच.

“मी केलंय. तुमच्या कादंबरीतली तुळसा वेंगुर्ल्याचीच मां? वेंगुर्ल्याचा चेडू रडताना कधी ‘मला’ म्हणता?”

“लेखिका मी आहे!”

“म्हणानच विचारतंय. तुमी रडताना काय म्हणतास?”

मी पाय आपटत घरी आले. दार लावून दोन्ही म्हणून पाहिलं... ‘मला’ म्हणताना रडूच येईना! दुसऱ्या दिवशी प्रूफ परत दिलं, ‘माका’ला हात न लावता. तो नुसता हसला. बोलला असता तर बरं झालं असतं.

त्याचं नाव लवू. छापखाना भाईंचा. भाईंच्या बायकोने माझं हस्तलिखित एका बैठकीत वाचलं, म्हणून तर ते छापायला निघालं होतं. आणि छापखान्याची भिंत आमच्या मुलींच्या शाळेला लागून. पलीकडे लवू पायाने मशीन चालवायचा, अलीकडे मी पेटीवर मुलींना गाणं शिकवायचे. अठ्ठावन्न सालच्या त्या श्रावणात माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. मी लय वाढवली की पलीकडची खडखडही वाढते... मी थांबले की तीही थांबते.

“तुम्ही मुद्दाम करता!” मी एकदा म्हटलं.

“पाय ऐकणत नाय, बाई.”

“आणि कान?”

“कान तर आदीच गेले.”

मी घाईघाईने प्रूफात डोकं घातलं. पान उलटं धरलं होतं, हे मागाहून कळलं.

पुस्तक पुढे सरकत होतं, पण गोगलगाईसारखं. कधीही जावं तर एकच उत्तर – “ळ संपले, बाई. परवा या.” खिळे मोजकेच असायचे. चार पानं छापून झाली की अक्षरं मोकळी करून आपापल्या खणात टाकायची, मग पुढची पानं.

“नायिकेचं नाव तुळसा. एका पानात अकरा वेळा!” तो तक्रार करायचा. “वर डोळे, आभाळ, संध्याकाळ... ‘डोळे पाणावले’च्या जागी नुसता ‘रडली’ लिवा. एक ळ वाचात.”

“तुमच्या ळसाठी मी तिला धड रडूही देऊ नको?”

मग तो खिळे दाखवायचा. सगळी अक्षरं उलटी, आरशातल्यासारखी. मला एकही ओळखता येईना. एकच आलं.

“हा ळ!”

“बरोबर. ह्या एकच अक्षर असा. हयसून बघा नायतर थयसून, जवळजवळ सारख्याच.”

इकडून-तिकडून पाहायला तो हातात घेताना बोटाला बोट लागलं. शाईचा डाग मी दोन दिवस साबण न लावता जपला.

गणपती जवळ आले तेव्हा मुंबईहून एका स्थळाचं पत्र आलं. मुलगा चांगला, नोकरी पक्की. बाबांनी पत्र मोठ्याने वाचलं – “सणासुदीला पेटी वाजवली तर हरकत नाही. शाळा आणि लिखाण मात्र सोडावं लागेल.” उत्तर अनंत चतुर्दशीनंतर द्यायचं होतं. बाबा वाईट नव्हते हो. आई गेल्यापासून माझी काळजी करण्यात त्यांचे केस पांढरे झालेले. त्या दुपारी मी कादंबरीचं शेवटचं पान बदलून लिहिलं – तुळसा पेटीवर कापड घालते आणि मुंबईच्या बोटीत चढते – आणि लवूला नेऊन दिलं.

त्याने ते वाचलं. दोनदा.

“ळ संपले, बाई.”

पण मीही मास्तरीणच. आदली पानं छापून झालेली, खिळे मोकळे झालेले. केसपाशी जाऊन पाहिलं, तर बाकीचे खण भरलेले आणि ळचा तेवढा रिकामा. मग नजर गेली त्याच्या सदऱ्याच्या खिशाकडे. खिसा भाराने लोंबत होता.

“खिशात काय आहे?”

“काय नाय.”

मी वर्गात धरते तसा हात पुढे धरला. त्याने निमूटपणे मूठ रिकामी केली. ळ... ळ... ळ... ओंजळभर!

“ह्या पान जुळयला काय पुस्तक संपला,” तो खाली बघत म्हणाला. “मगे तुमी हय कित्याक येतलास? आणि... तुळसेक बोटीत चढवूक माका जमाचा नाय.”

भिंतीपलीकडे मुली माझ्याशिवायच गात होत्या, सुरात-बेसुरात. मी कागदाच्या गठ्ठ्यावर बसले. शेवटचं पान फाडलं आणि नवं लिहिलं. तुळसा धक्क्यावर उभी राहते. बोट भोंगा देते. आणि ती म्हणते, “माका खंयच जावचा नाय.”

लवूने कागद वाचला. ओंजळीतला एक ळ उचलून तळहातावर ठेवला.

“हयसून काय आसा, ता माका ठावक आसा,” तो हळूच म्हणाला. “थयसून...?”

“सारखंच,” मी म्हटलं. “अगदी सारखंच. जवळजवळ नाही.”

घरी जाऊन पेटीपाशी बसले आणि बाबांना लवूचं सगळं सांगितलं. न रडता. तरी ‘माका’च आलं तोंडात. बाबांनी मुंबईच्या पत्राची घडी घातली.

“पेटी, शाळा, लिखाण – सगळा चलात त्येका?”

“पेटी थांबली तर त्याचं मशीन बंद पडतं, बाबा.”

त्यांनी ओठ दाबले, पण मिशी हललीच. “स्थळ मी बघी होतंय. मगे ह्या लगीन कोणी जुळयल्यान?”

“जुळाऱ्यान!”

त्याला आता पाच वर्षं झाली. शाळा चालू आहे, पेटी चालू आहे. लेक दुपारी निजते तेवढ्यात चौथी कादंबरी लिहिते आहे, आणि जुळारी ‘डोळे’ कमी करा म्हणून अजून भांडतो. लेक दोन वर्षांची. कावळ्याला कावला म्हणते, केळ्याला केला.

“ळ येत नाही हिला,” मी म्हणते.

तो सदऱ्याच्या रिकाम्या खिशावर हात ठेवतो. “येतलो. हिचो ळ हय आसा मां!”