म्हातारं होण्याचा हक्क

निफाडच्या वयमापन केंद्रात ज्याचं वय जास्त निघे, तो बाहेर येऊन पेढे वाटत असे. त्या सोमवारीही एका ऊसतोड्याने वाटले. कागदावर तो एकावन्नचा. यंत्राने त्याला बासष्ट ठरवलं होतं. बायकोने आनंदाने पदर डोळ्यांना लावला, रांगेतल्या लोकांनी "सुटलास गड्या!" म्हणत पाठ थोपटली. आपल्या आजोबांना हे कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी सांगणाऱ्याला खुळ्यात काढलं असतं. पण कायदा बदलला की माणसाची सुखंही बदलतात.

ओट्याच्या कडेला दीपालीबाई दुशिंग बसल्या होत्या. त्या काळातल्या म्हाताऱ्यांची नावं दीपाली, रेश्मा, अश्विनी अशीच असत. वय चौऱ्याहत्तर. लासलगावच्या खळ्यांवर पंचेचाळीस वर्षं उकिडवं बसून कांदा निवडला, त्यात गुडघे कामातून गेले. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, उजव्यात पिकत होता. मागेपुढे कुणी नाही. ऊसतोड्याने दिलेला पेढा त्यांनी कपाळाला लावला आणि पदराच्या टोकाला बांधून ठेवला.

आज त्यांच्या अपिलाची सुनावणी होती, आणि तिच्यासाठी खुद्द डॉक्टर प्रल्हाद विटकर पुण्याहून आले होते. ज्या यंत्राने ऊसतोड्याला पेढे वाटायला लावले, ते याच माणसाने बनवलेलं.

विटकरांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. वडील खडी फोडत. चोपन्नाव्या वर्षी मेले तेव्हा ऐंशीचे दिसत होते. वृद्धांसाठीची मदत साठीला सुरू व्हायची. म्हणजे सरकारी मदत बापाच्या दारात येण्याआधीच बाप दारातून आडवा बाहेर पडला होता. प्रल्हाद तेव्हा नववीत होता. माणसाचं वय कागदावरून का मोजायचं, हा प्रश्न त्याने तेव्हाच मनाशी धरला आणि पुढे तीस वर्षं सोडला नाही.

त्याला सापडलेलं उत्तर समजायला अवघड नाही. आपल्या पेशींमध्ये जनुकांची लांबलचक दोरी असते. वय वाढतं तसे त्या दोरीवर बारीक रासायनिक ठिपके उमटतात, काही पुसले जातात. कष्ट, धूर, आजार, जाग्रणं यांनी ते भराभर उमटतात. रक्ताच्या एका थेंबातले हे ठिपके मोजले, की शरीर खरोखर किती वर्षांचं झालं ते कळतं. या वयाला विटकरांनी 'देहवय' म्हटलं आणि जन्मतारखेच्या वयाला 'कागदवय'. आणि कागदवयाचा भरवसा तरी काय होता? निम्म्या महाराष्ट्राचा जन्म एक जूनला झालेला, कारण शाळेत नाव घालताना गुरुजी तीच तारीख टाकून मोकळे होत. शरीर असली थाप मारत नाही.

पुढे देहवयाचा कायदा झाला. ज्याचं देहवय साठ, तो वृद्ध. त्याला 'ज्येष्ठाधार' मिळे: दोन वेळचं जेवण घरपोच, औषधपाणी, डोळ्यांची शस्त्रक्रिया. खाणीतले, भट्टीवरचे, उसाच्या फडातले लोक पन्नाशीत या आधाराला पात्र ठरू लागले. अशी चार लाख माणसं राज्यभर सुखाने दोन घास खात होती, आणि हे पुण्य विटकरांचंच होतं.

पण दीपालीबाईंचं देहवय भरलं होतं त्रेपन्न.

"यंत्र चुकलंय, सर," ॲडव्होकेट तस्नीम शेख म्हणाली. गरिबांना फुकट वकील देणाऱ्या सरकारी कचेरीतून तिला हे प्रकरण मिळालं होतं. "यांच्याकडे बघा आणि तुम्हीच सांगा. चार वर्षांत चारदा तपासणी झाली. एकावन्न, बावन्न, बावन्न, त्रेपन्न. साठच्या आत आहेत म्हणून यांना सरकारने काय दिलंय माहितीये? रोजगाराचं कार्ड. रस्त्याच्या कामावर या म्हणून."

विटकरांनी स्वतः आणलेल्या यंत्रावर स्वतःच्या हाताने तपासणी केली. अर्ध्या तासाने आकडा आला. त्यांनी चष्मा पुसून तो पुन्हा वाचला. त्रेपन्नच होता. ते बाहेर येऊन ओट्यावर दीपालीबाईंच्या शेजारी बसले.

"मावशी, तंबाखू, मिसरी काही?"

"छ्या! कधी शिवले नाय. माळकरी घर आमचं."

"जेवण काय असतं?"

दीपालीबाईंनी जरा मान वर केली. या एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता. "माझे उपास लई, डॉक्टर. गुरुवार, शनिवार. चतुर्थी, एकादशी. चातुर्मासात एकभुक्त. लग्न झाल्यापासून मोडला नाय एकबी."

"उपासाला काय खाता? साबुदाणा, भगर?"

"तेवढं कुठलं परवडतंय? पानी. लईच झालं तर चहा."

"आणि बाकीच्या दिवशी?"

"असंल ते. एक भाकर. दोन झाल्या तर सण म्हनायचा." त्या हसल्या, मग आवाज उतरवून म्हणाल्या, "खरं सांगू का? घरात दाना नाय, हे चारचौघींत बोलवत नाय. आज उपास हाये म्हनलं, की लोक वरून पाया पडत्यात. म्हनून उपास वाढत गेले. पर देवाला काय, त्याला दोन्ही पोचत असंल."

  प्रयोगशाळेतले उंदीर अर्धपोटी ठेवले की जास्त जगतात, हे विटकरांना संशोधनाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. कमी अन्न मिळालं की शरीर आपली चूल मंद करतं, ठिपके सावकाश उमटतात. पण गरीब माणूस कष्टाने लवकर झिजतो, हे त्यांनी घरातच पाहिलं होतं. गरिबीचं दुसरं टोक त्यांच्या डोळ्यांपुढे आलंच नाही. व्यसन नाही, धूर नाही, आणि पन्नास वर्षं शिस्तीने सोसलेली उपासमार. ही बाई म्हणजे त्यांच्याच प्रयोगातला अर्धपोटी उंदीर होती.

"मशीन बिघडलंय ना, डॉक्टर?" दीपालीबाईंनी विचारलं.

"नाही मावशी. मशीन बरोबर आहे." त्यांनी जमेल तितक्या सोप्या शब्दांत सगळं सांगितलं. गुडघे झिजले, डोळे गेले, पण रक्तातलं घड्याळ गुडघ्यांकडे बघत नाही. ते भुकेने हळू चालतं.

दीपालीबाईंनी नीट ऐकून घेतलं. "म्हंजी पोटभर खाल्लं असतं, तर मी म्हातारी झाले असते?"

"हो."

"आन् म्हातारी झाले असते, तर सरकारनं खायाला दिलं असतं."

"हो."

त्यांनी पदराला बांधलेली गाठ चाचपली. "मी तर याच्यासाठीच सोळा सोमवार धरलेत. जेवान मंजूर होऊ दे म्हनून. ह्यो अकरावा."

दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, पण इथे कर्म तरी कसलं, देवाला हात जोडण्याचं! ज्या जेवणासाठी बाई उपाशी राहत होती, ते त्या उपाशी राहण्यानेच दूर जात होतं. विटकर म्हणाले, "मावशी, तो पेढा खा. आत्ता, माझ्यासमोर. आणि उरलेले सोमवार सोडून द्या."

"बोललेला नवस सोडू?" त्यांनी विटकरांकडे असं पाहिलं, जणू विचारत होत्या, एवढा शिकलेला माणूस असं कसं बोलतो. "पेढा उद्या खाईन."

मग तस्नीमने विटकरांना कोपऱ्यात घेतलं. "सर, कायद्याच्या पहिल्या मसुद्यात 'देहवय किंवा कागदवय, जे जास्त असेल ते' असं होतं. 'जे जास्त असेल ते' हे शब्द कुणी काढले?"

"समितीने," विटकर म्हणाले. मग थांबून म्हणाले, "मीही सही केली. अर्थखात्याचे लोक म्हणाले, गरिबाचं देहवय नेहमी जास्तच असणार. त्या शब्दांचा फायदा फक्त खाऊनपिऊन सुखी म्हाताऱ्यांना होईल. मला ते पटलं. माझ्या डोळ्यांसमोर फक्त माझे वडील होते."

"मग आज भरून काढा. अपिलात कायद्याला हात लावता येत नाही, पण पुराव्याला येतो. यंत्र चुकू शकतं, एवढं एक वाक्य बोला. बस्स."

सुनावणी तहसील कचेरीतल्या वरच्या खोलीत झाली. अपील अधिकारी बाई समजूतदार होत्या. त्यांनी दीपालीबाईंना आधी खुर्ची दिली, पाणी मागवलं, आणि विटकरांना एकच प्रश्न विचारला. "डॉक्टर, हा आकडा बरोबर आहे की नाही?"

सरकारी वकील समोर फाईल उघडून तयार बसले होते. विटकरांना ती फाईल ओळखीची होती. कागदाने तरुण आणि देहाने म्हातारे असे जे चार लाख लोक, त्यांचा आधार बंद करायची अर्थखात्याची खटपट कधीपासून चालली होती. अडकलं होतं ते एवढ्यावरच, की यंत्र चुकतं असं म्हणायला कुणी तज्ज्ञ मिळत नव्हता. आज यंत्र बनवणाराच ते बोलला असता, तर संध्याकाळच्या आत तो जबाब वरच्या कोर्टात पोचला असता. सकाळी पेढे वाटणारा तो ऊसतोड्या उद्या पुन्हा कोयता घेऊन फडात उभा राहिला असता.

एका पारड्यात चार लाख माणसं आणि दुसऱ्यात एक बाई. हिशेब करायला सोपा होता, म्हणूनच विटकरांना तो करताना स्वतःची किळस आली.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

तस्नीमने पेन खाली ठेवलं. अपील अधिकाऱ्यांनी कायद्यात जे होतं तेच लिहिलं: अर्जदार वृद्ध नाही, अर्ज फेटाळला, रोजगाराचं कार्ड चालू राहील. लिहून झाल्यावर त्या खिडकीबाहेर बघत बसल्या.

दीपालीबाईंना जिना उतरायला बराच वेळ लागला. एका बाजूने तस्नीमने धरलं होतं, दुसऱ्या बाजूने विटकरांनी. त्यांचा दंड विटकरांच्या मुठीत पुरा मावला. खाली आल्यावर त्या पायरीवर टेकल्या. रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. बाजाराचा भाव विचारावा तसं त्यांनी विचारलं, "मंग मी साठीची कधी व्हनार?"

विटकरांना खोटं बोलता आलं नाही. आज एकदा खरं बोलून झालं होतं, आता खोट्याला काय अर्थ होता? "या चालीने गेलं तर अजून चौदा वर्षांनी."

"म्हंजी मी अठ्ठ्याऐंशीची. तवर मरन नाय का मला?"

"तुमचं शरीर पाहता... नाही, मावशी. शंभरच्या पुढे जाल."

दीपालीबाईंनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "आंधळी होईन मी. आन् जगतच राहीन. असं उपाशी तीस वरसं!" पहिल्यांदाच त्यांचा आवाज फाटला. "डॉक्टर, तुमी एवढे शिकलेले. म्हातारं व्हायचं औषध नसतंय का कुठं? लोकं कसे होत्यात?"

तस्नीम म्हणाली, "सर, नका." विटकरांच्या चेहऱ्यावरून ते काय सांगणार आहेत ते तिला कळलं होतं.

औषध होतं. विटकरांनी त्यावर पाच शोधनिबंध लिहिले होते. कुठल्या गोष्टीने ठिपके किती भराभर उमटतात, याचे तक्ते त्यांना पाठ होते. खडी फोडणाऱ्या बापाला जे जे झालं, ते सगळं त्या तक्त्यांत होतं. ते पायरीवर दीपालीबाईंच्या शेजारी बसले आणि खाली बघत बोलू लागले. "मावशी, मिसरी लावायला लागा. दिवसातून चारपाच वेळा. चूल धुराची पेटवा, तोंड जवळ घेऊन फुंका. झोप कमी करा. दोन वर्षांत साठ होईल."

"नक्की?"

"नक्की. पण मग पुढे फार नाही. तीन, चार वर्षं."

"चार वरसं दोन टाइमचं जेवान," दीपालीबाई स्वतःशीच म्हणाल्या. त्यांचा चेहरा खरोखरच हलका झाला. माळकरी घरातल्या बाईने मिसरी कुठल्या दुकानात मिळते ते तस्नीमला विचारलं. तस्नीमने तोंड फिरवलं, तेव्हा विटकरांनीच हात करून समोरची टपरी दाखवली.

दीपालीबाई भिंतीला धरून उठल्या. जाताना, मोठ्या माणसाने करावं तसं, त्यांनी विटकरांच्या डोक्यावर हात ठेवला. "शंभर वरसं जग, बाबा," असं तोंडातून निघता निघता त्या थांबल्या आणि हात काढून घेतला.

"नको," त्या म्हणाल्या. "तुला कशाला तसलं देऊ? पोटभर जेवत जा."