हात पोहोचला नाही

अश्लेषा माझी आतेबहीण. तिचं पोटच चुका पकडण्यावर चालतं. उगाच काहीबाही सांगणाऱ्यातली ती नाही. म्हणून तिने सांगितलं, ते मी जसंच्या तसं सांगतो.

उज्जैन. गेल्या मे महिन्यातला मंगळवार. भर दुपार.

फ्रीगंजमधलं तिचं ऑफिस म्हाताऱ्या माणसांना गोळ्यांची आठवण करून देणारं ॲप बनवतं. ॲप नीट चालतंय की नाही, हे कॉम्प्युटर छोट्या छोट्या टेस्ट चालवून स्वतःच तपासत राहतो. सगळं ठीक असलं की टेस्टची ओळ हिरवी, बिघडलं की लाल. पूर्वी तिथे नुसतं ‘हवे १, मिळाले ०’ असं यायचं. कुणाच्या बापाला कळत नसे! अश्लेषाने त्या जागी साधी वाक्यं लिहिली. कोण, काय व्हायला हवं होतं, काय झालं.

टेस्टमधल्या खोट्या पेशंटला तिने बाबांचं नाव दिलं. विनायक.

खरे बाबा नानाखेड्याला एकटे राहायचे. त्यांच्याकडे तर ते ॲपही नव्हतं.

एक चाळीसला ओळ लाल झाली.

‘विनायक: दुपारची गोळी घ्यायला हवी होती. घेतली नाही.’

तिने टेस्ट पुन्हा चालवली. हिरवी.

पाच मिनिटांनी परत लाल...

‘विनायक: गोळी घ्यायला हवी होती. हात पोहोचला नाही.’

हे वाक्य तिने लिहिलंच नव्हतं.

“निखिल, माझ्या मेसेजना हात लावलास का रे?”

शेजारच्या टेबलावरून निखिलने मानही वर केली नाही. “नाही हो ताई. परत चालवून बघा ना, हिरवी होऊन जाईल.”

झालीही.

आणि मग...

‘विनायक: हाक मारली. कोणी आलं नाही.’

तिने बाबांना फोन लावला. रिंग वाजत राहिली.

झोपले असतील, तिने मनाची समजूत घातली. संध्याकाळपर्यंत काम हातावेगळं करायचं होतं. तिने ती टेस्टच बंद करून टाकली.

चारला बाबांच्या शेजारच्या मंगलाकाकूंचा फोन आला. “अशू, जल्दी ये बेटा. बाबा...”

बाबा पलंगाशेजारी पडले होते. गोळ्यांची डबी पलंगाखाली, हातापासून वीतभर लांब.

डॉक्टर म्हणाले, पडल्यावर तास-दीड तास तरी धुगधुगी असणार.

फ्रीगंजहून नानाखेडा स्कूटरने दहा मिनिटं. हे ती सगळ्यांना सांगते. कोणी विचारलेलं नसतानाही.

आता ती बाबांच्या घरात एकटीच राहते, तिथूनच काम करते. ती टेस्ट तिने कधीच पुसून टाकली. विनायक हे नाव आता कुठेच नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी एक ओळ लाल झाली...

‘अश्लेषा: जेवायला हवं होतं. ताट झाकलेलंच आहे.’

ओट्यावर सकाळपासून ताट झाकलेलं होतं.

या वेळी तिने टेस्ट परत चालवली नाही. ताट पुढ्यात घेतलं आणि रडत रडत चार घास खाल्ले.

ओळ आपोआप हिरवी झाली.

तेव्हापासून ती रोज वेळेवर जेवते. फक्त जेवताना पाठ भिंतीला टेकवून बसते.